‘हो’ म्हणता न येणारा वर्ग

सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली आहेत. रुग्णालयाच्या नाक-कान-घसा विभागामागच्या खोलीत तीन प्रौढ माणसं आरशासमोर बसून ढेकर काढायचा प्रयत्न करत आहेत. चौथे गृहस्थ त्यांच्यामागे उभे राहून तो कसा काढायचा ते दाखवत आहेत. त्यांचा ढेकर हुकमी आहे. लांब हवा तर लांब, आखूड हवा तर आखूड.

“ओट मिटा,” ते सांगतात. “अवा आत दाबा. गिळू नका. आता सोडा. पा.”

रंगाऱ्याच्या तोंडून नुसता चट् असा आवाज येतो. शेजारचा ट्रकचालक हसतो. म्हणजे त्याचे खांदे हलतात आणि गळ्यावरचं जाळीचं कापड फडफडतं. आवाज काहीच होत नाही. तिसरा, निवृत्त टपालवाला, घाम पुसतो आणि पुन्हा ओठ मिटतो.

चौघांच्याही गळ्याच्या खोबणीत एक भोक आहे. कर्करोगामुळे स्वरयंत्र काढून टाकलं की श्वास तिथूनच घ्यावा लागतो. फुप्फुसातली हवा तोंडापर्यंत येतच नाही. पण अन्ननलिकेत थोडी हवा कोंडून ती परत वर सोडली तर ढेकर येतो, आणि त्या ढेकरावर शब्द चढवता येतो. एका ढेकरात चार-पाच अक्षरं बसतात. मग पुन्हा हवा. आवाज खर्जातला आणि खरखरीत असतो. रिकामं पिंप फरशीवरून ओढावं तसा. पण तो आवाज असतो.

“लआनपणी,” शिकवणारे गृहस्थ सांगतात, “यासाटी. आई मारायची.” हा विनोद ते प्रत्येक नव्या माणसाला ऐकवतात.

रुग्णालयात त्यांना सगळे डबलबेल म्हणतात. बावीस वर्षं ते शहर बसवर कंडक्टर होते. ऑपरेशननंतर सिस्टरला हाक मारायची सोय उरली नाही, म्हणून ते पलंगाच्या लोखंडी दांडीवर चमच्याने दोनदा टोले द्यायचे, टण टण. त्यांच्याच बसने रोज कामाला येणारी वॉर्डमधली मावशी ओरडायची, “आले गं बाई, डबलबेल झाली, गाडी सुटायच्या आत जा कोणीतरी!” नाव चिकटलं. घरी आल्यावर एकदा सोड्याची बाटली प्यायल्यावर ढेकर आला आणि त्या ढेकरावर ‘पा’ निघून गेला. पाणी मागायचं होतं, अर्धं निघालं. ते लगेच रुग्णालयात परतले. वाचा शिकवणाऱ्या बाईंनी पुढचं नीट शिकवलं. बाईंची बदली झाली, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. खोली, आरसा आणि पाच खुर्च्या तशाच होत्या. डबलबेल निवृत्त झाले आणि रोज यायला लागले. ते गेली सात वर्षं येत आहेत.

या वर्गाची स्वतःची एक भाषा आहे. प, ट, क ही अक्षरं सोपी; ओठ किंवा जीभ आपटली की हवा आपोआप आत जाते. म्हणून पहिला शब्द ‘पाट’, मग ‘टोपी’, मग ‘काका’. अवघड आहे तो ‘ह’. त्याला फुप्फुसाची फुंकर लागते आणि तीच गळ्यातून बाहेर गेलेली असते. ‘ह’ गेला की त्याच्या आधाराने उभी असलेली बाकीची अक्षरंही बसतात. ‘घर’चं गर होतं, ‘थांबा’चं तांबा, ‘पाठ’ची पाट. आणि ‘हो’ हा शब्दच उरत नाही. त्याचा ‘ओ’ होतो, आणि ‘ओ’ ऐकून लोक विचारतात, हाक कोणी मारली?

म्हणून वर्गात ‘हो’च्या जागी ‘पटलं’ म्हणायची रीत पडली. प आणि ट, दोन्ही सोपी. सवय इतकी लागते की माणसं कशालाही ‘पटलं’ म्हणतात. जेवलात का? पटलं. पाऊस आहे का बाहेर? पटलं. एकदा एका शिकाऊ डॉक्टरने वर्गातल्या एका जुन्या माणसाला विचारलं, फार दुखतंय का? त्याने ‘पटलं’ म्हटलं, आणि बिचारा डॉक्टर पाच मिनिटं विचार करत होता की आपण याला नक्की कशाबद्दल पटवलं.

दुसरा नियम दाराबाहेर कळतो. तिथे एक बाक आहे. नातेवाईक तिथे बसतात. आत येत नाहीत. बायकोसमोर ढेकर देत तोतरं बोलायला पुरुषांना लाज वाटते, असं डबलबेलांचं म्हणणं. सुरुवातीला एकाची बायको आत बसली होती. तिला हसू फुटलं. तो माणूस पुन्हा आला नाही. तेव्हापासून बाक बाहेर.

साडेनऊच्या सुमाराला विभागाच्या सर्जनबाई आत डोकावल्या.

“डबलबेल, वरच्या वॉर्डात या जरा. तो लिलाववाला.”

लिलाववाल्याबद्दल सगळ्या विभागाला माहीत होतं. भाजीच्या घाऊक बाजारात तो लिलाव पुकारायचा. पन्नाशीचा, धिप्पाड, त्याचा आवाज तीन गाळ्यांपलीकडे ऐकू जायचा. घशातली गाठ किरणांनी एकदा विरघळली होती, ती परत आली. आता स्वरयंत्र काढण्यावाचून इलाज नव्हता. दोनदा त्याने नकार दिला होता. उद्या सकाळची वेळ त्याच्यासाठी राखलेली होती. आज संध्याकाळपर्यंत त्याने होकार दिला नाही, तर ती वेळ दुसऱ्याला जाणार होती आणि पुढची लवकर मिळण्यासारखी नव्हती.

“तोवर गाठ थांबणार नाही,” जिना चढता चढता बाई म्हणाल्या. “मग मीसुद्धा काही करू शकणार नाही. आणि तो बॅग भरून बसलाय.”

बॅग खरोखरच भरलेली होती. लिलाववाला घरचा सदरा घालून पलंगावर बसला होता. बायको खिडकीशी उभी होती, हातात थर्मास.

“या कंडक्टर, या. सीट रिकामी आहे,” त्याने पलंगाच्या कडेवर हात आपटला. त्याचा आवाज आधीच बसलेला होता, पण त्यातली धार गेली नव्हती.

“मी आलो. कसं कळलं?”

“जिन्यापासून ऐकू येताय. मला वाटलं कोणी बादल्या घासतंय.”

डबलबेल हसले, त्यांचे खांदे हलले. टोमणे त्यांना नवे नव्हते. त्यांनी आपला नेहमीचा खेळ सुरू केला. उभं राहून, एक हात वर दांडीला धरल्यासारखा करून: “पुडे सरका. पुडे जागा आए. दारात. गर्दी नको.” याला बहुतेक रुग्ण हसतात. बघा, हा माणूस बोलतो, आणि वर मस्करीही करतो, एवढं त्यांना कळलं की निम्मं काम होतं.

लिलाववाला हसला नाही. तो माल पारखावा तसा ऐकत होता.

“‘भाव’ म्हणा,” तो म्हणाला.

“बाव.”

“‘भोपळा’ म्हणा.”

“बोपळा.”

“ऐकलंस?” तो बायकोकडे वळला. “आता मी बोपळ्याचा बाव पुकारणार. बाजार नाही, तमाशा होईल माझा.” मग पुन्हा डबलबेलांकडे. “बरं, ‘हो’ म्हणा.”

“ओ.”

“तुम्हाला हाक नाही मारली मी. ‘हो’ म्हणा.”

“त्याला. आमी. ‘पटलं’ म्अणतो.”

“अहो, पुरे ना आता,” बायको म्हणाली. “दमवताय त्यांना.”

“दमू दे. उद्या मला कोण दमवेल, हे कळायला नको?” तो थोडा पुढे झुकला. “कंडक्टर, एकच विचारतो. बाजार सोडा. बाजार मी मुलाच्या गळ्यात घालीन. घरी कसं? घरी वहिनींशी बोलता ना पूर्वीसारखं?”

“पटलं,” डबलबेल म्हणाले.

हे उत्तर ते प्रत्येकाला देत आले होते. प्रत्येकजण हाच प्रश्न विचारतो. कधी आडून, कधी थेट. आणि ‘पटलं’ ऐकलं की समोरचा चेहरा सैल होतो.

हा चेहरा सैल झाला नाही.

“आमच्या धंद्यात या शब्दाला किंमत आहे,” लिलाववाला म्हणाला. “गिऱ्हाईक ‘पटलं’ म्हणालं की माल सुटला. मग त्याला मागे फिरता येत नाही आणि मलाही नाही. तुम्ही पटलं म्हणालात. आता माल दाखवा.”

“कसला माल?” बायकोने विचारलं.

“तू जा यांच्या घरी. आत्ता. वहिनींना विचार, असल्या आवाजाच्या माणसाबरोबर कसं निभतं. पुरुष पुरुषाला काहीही सांगतो. बाई बाईला सांगेल. तू येईपर्यंत मी बॅग उचलत नाही.”

बाहेर जिन्याजवळ डबलबेलांनी सर्जनबाईंना थांबवलं.

“गरी नको.”

“का?”

“बायकोला. माजं. ऐकू येत नाई.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. सात वर्षं दोघं एका मजल्यावर काम करत होते. हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि डबलबेलांनी सांगितलं नव्हतं.

“मग त्या काय सांगतील?”

“करं.”

“काय करं?”

“करं,” ते पुन्हा म्हणाले आणि थांबले. ‘ख’ साधत नव्हता. त्यांनी दुसरा शब्द शोधला. “सत्य.”

“ते ऐकून हा निघून जाईल.”

“नाई नेलं. तर आत्ता जाईल.” त्यांनी हवा दाबली. “नेलं तर. कदाचित.”

 बाई पुढच्या रुग्णाकडे गेल्या.

बसमध्ये लिलाववाल्याच्या बायकोने दोन-तीन प्रश्न विचारले. डबलबेलांनी उत्तरं दिली, पण इंजिनाच्या घरघरीत ती तिला ऐकू गेली नाहीत. पुढच्या सीटवरच्या माणसाने मात्र मान वळवून बघितलं.  नव्या पिढीचा कंडक्टर दारात उभा राहून “थांबा, थांबा, उतरू द्या!” असं ओरडत होता. डबलबेल त्याच्याकडे बघत राहिले.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. खिडकीपाशी शिवणयंत्र, त्यावर पांढऱ्या जाळीच्या कापडाची चळत. वर्गातल्या सगळ्यांच्या गळ्यावरची कापडं इथेच शिवली जातात. दार उघडणाऱ्या बाईंच्या कानात यंत्र होतं आणि आवाज वाड्या-वस्त्यांना पुरेल एवढा होता.

“कोण आलंय?” त्यांनी विचारलं. शेजारच्या दाराची कडी वाजली.

डबलबेलांनी दाराजवळच्या पाटीवर खडूने लिहिलं: पेशंटची बायको. तुझ्याशी बोलायचं आहे.

“माझ्याशी? माझ्याशी कशाला?” मग पाहुणीला, “ये गं, बस. जवळ बस, म्हणजे कळतं मला. आणि तुम्ही खाली जाऊन दूध घेऊन या. बायकांचं बोलणं आहे ना? मग जा.”

ते निघाले. दूध जिन्याखालच्या दुकानातच मिळतं. पण दुसऱ्या मजल्यावर उतरेपर्यंत त्यांना कळलं की दूध आणायला जाणं आणि न जाणं सारखंच आहे. बायकोचा प्रत्येक शब्द जिन्यात स्वच्छ ऐकू येत होता. पाहुणीचा एकही नाही. ते कठड्याला धरून तिथेच उभे राहिले.

“निभतं कसं? निभत नाही. चाललंय.”

मध्ये शांतता. पाहुणी काहीतरी विचारत असावी.

“नाही गं. आवाजाची किळस कशाला येईल? मला तो ऐकूच येत नाही, तर किळस कसली? यांचं ऑपरेशन झालं आणि त्याच सुमाराला माझे कान जायला लागले. हे यंत्र लावलं की भांडी ऐकू येतात, गाड्या ऐकू येतात. तू बोलतेस ते जवळून कळतं. यांचं बोलणं त्या गाड्यांतच मिसळून जातं.”

शांतता.

“ओठ वाचू? प्रत्येक शब्दाआधी ओठ मिटून हवा घेतात. मासा बोलतोय असं वाटतं. मासा काय म्हणतो ते तुला कळतं का?” त्या हसल्या. “पाटी आहे. दूध आणा, बिल भरा, डॉक्टरकडे जायचंय. पण पाटीवर भांडता येतं का? मी एकटीने किती भांडू? पूर्वी असे भांडायचो, खालच्या मजल्यावरची बाई मध्यस्थीला यायची. आता ती विचारते, बरं आहे ना सगळं, फार शांत असतं तुमच्याकडे.”

खालच्या मजल्यावरचं दार किंचित उघडं होतं. डबलबेलांनी तिकडे पाहिल्यावर ते मिटलं.

“राग? आवाज गेला त्याचा राग नाही आला. आजार होता, जीव वाचला. राग नंतर आला. आवाज परत आला आणि तो रोज सकाळी घेऊन हे दवाखान्यात जायला लागले. तिथे म्हणे गप्पा मारतात, नकला करतात. मावशी भेटली की सांगते मला. मला वाटतं, कोणाबद्दल सांगते आहे ही?”

पाहुणीचा प्रश्न या वेळी लांबलचक असावा.

“मी गेले होते एकदा. बाहेर बाक आहे. आत यायची परवानगी नाही म्हणे. तेव्हा थोडं ऐकू येत होतं मला. तेव्हा शेजारी बसून रोज ऐकलं असतं, तर कानाला सवय झाली असती. ते बोलायला शिकले, मला ऐकायला कोणी शिकवलं नाही. ते सोपं असतं असं वाटलं असेल.”

मग, त्याच आवाजात, “चहा घेशील ना? हे अजून आले नाहीत. तिथे कोणाशीतरी बोलत उभे असतील.”

डबलबेल खाली गेले, दूध घेतलं आणि वर आले. बायकोने पिशवी घेतली आणि चहा ठेवला. पाहुणीने जाताना तिचा हात हातात घेतला आणि सोडला. डबलबेलांनी बायकोकडे पाहिलं. ती चळतीतलं कापड मोजून यंत्राखाली सरकवत होती.

परतीच्या बसमध्ये त्या बाईने एकच प्रश्न विचारला, तोही थेट कानाजवळ येऊन.

“तुम्हाला ऐकू आलं?”

“सगळं,” ते म्हणाले.

वॉर्डात चहाची वेळ झाली होती. सर्जनबाई दुसऱ्या एका रुग्णाच्या पलंगाशी उभ्या होत्या, पण त्यांचं लक्ष इकडे होतं. लिलाववाल्याची बॅग होती तिथेच होती. त्याची बायको त्याच्यासमोर बसली आणि तिने जे ऐकलं होतं ते सांगितलं. काही गाळलं नाही, आणि बेरीज-वजाबाकीही केली नाही. मासासुद्धा सांगितला.

लिलाववाल्याने सगळं ऐकून घेतलं. मग डबलबेलांकडे पाहिलं.

“म्हणजे घरी बोलणं नाही.”

“नाई.”

“आणि सकाळी मला पटलं म्हणालात.”

“कोटं बोललो.”

“कोटं नाही. खोटं,” लिलाववाला म्हणाला. “मला अजून म्हणता येतं.”

 डबलबेल उभे होते. या वेळी दांडीला धरल्यासारखा हात नव्हता.

“सगळ्यांना. अेच सांगतो,” ते म्हणाले. “गाबरतात. म्अणून.”

“घाबरायलाच पाहिजे. घाबरण्यासारखंच आहे.” लिलाववाल्याने बॅगेचा पट्टा हातात घेतला. त्याच्या बायकोने मान खाली घातली. सर्जनबाईंनी हातातली फाइल मिटली.

पण तो उठला नाही. पट्ट्याशी चाळा करत बसला.

“आमच्याकडे नवा पोऱ्या आला, की आम्ही त्याला पुकारायला नाही शिकवत,” तो म्हणाला. “आधी महिनाभर ऐकायला उभा करतो. कोणाचा भाव कुठून आला ते कानाला कळलं पाहिजे. नुसतं ओरडून माल विकत नाही. गिऱ्हाईकाचे कान तयार लागतात.” त्याने बायकोकडे बोट केलं. “ही आत बसेल. पहिल्या दिवसापासून. माझं पहिलं ‘पा’ का काय असेल ते हिच्या कानावर पडलं पाहिजे. बाहेरच्या बाकावर नाही.”

“नाई,” डबलबेल म्हणाले. ते लगेच म्हणाले. नियम तोंडून तसाच निघाला.

“का?”

“लाज वाटते. माणसं. सोडून जातात. एक गेला.”

“तो एक गेला. आणि बाकीचे राहिले त्यांच्या घरी काय चाललंय, विचारलंत?”

डबलबेलांनी विचारलं नव्हतं. वर्गात बोलायला शिकलेला माणूस घरी जातो तिथे त्यांचं काम संपतं, असंच ते समजून चालले होते. रंगारी, ट्रकचालक, टपालवाला: घरी कोण आहे आणि ते काय ऐकतं, यातलं त्यांना काही माहीत नव्हतं.

“अहो, मला लाज नाही,” लिलाववाल्याची बायको मध्येच म्हणाली. “घोरण्याचे आवाज तीस वर्षं ऐकलेत. ढेकराचं काय घेऊन बसलात?”

“बघा,” लिलाववाला म्हणाला. “माझी ही अट. ही आत असेल तर मी टेबलावर चढतो. नसेल तर ही बॅग घेऊन निघालो. आणि माझ्या एकट्यासाठी नको. एकट्याची बायको आत म्हणजे सगळे तिच्याकडेच बघणार. ज्यांना यायचंय त्या सगळ्या येऊ देत.”

डबलबेलांनी ओठ मिटले आणि हवा दाबली, पण शब्द सोडला नाही. त्यांना पुन्हा हवा घ्यावी लागली. समोरचा माणूस त्यांच्याकडे, बोली लावलेल्या गिऱ्हाईकाकडे बघावं तसा, घाई न करता बघत होता.

“पटलं,” शेवटी ते म्हणाले.

“सकाळसारखं?”

“नाई. तुमच्यासारकं.”

लिलाववाल्याने पट्टा सोडला. हनुवटीवरून, मग गळ्यावरून हात फिरवला, वाढलेल्या खुंटांवरून, आणि सर्जनबाईंकडे वळून विचारलं, “गळ्यावरची दाढी इथंच करतात की न्हावी बाहेरून आणायचा?”

“इथेच करतात,” बाई म्हणाल्या. “पहाटे. तुम्ही काही खाऊ नका आज रात्रीनंतर.” आणि सिस्टरला सांगायला त्या पटकन निघून गेल्या, जणू तिथे थांबल्या तर तो विचार बदलेल.

डबलबेल संध्याकाळी घरी पोचले तेव्हा बायको स्वयंपाकाच्या ओट्याशी होती.

“झालं का त्याचं?” तिने पाठमोरीच विचारलं. पाठ वळलेली असताना मान हलवून उपयोग नसतो, म्हणून ते पुढे जाऊन तिच्यासमोर उभे राहिले आणि मान हलवली.

“तयार झाला?”

पुन्हा मान.

“बरं झालं. बाई चांगली होती.” ती भाजी चिरत राहिली.

ते तिथेच उभे राहिले. पाटी दाराजवळ होती. ते पाटीकडे गेले नाहीत. ओट्याला टेकून, तिच्या डाव्या कानाजवळ, ज्यात यंत्र होतं, ते सावकाश म्हणाले, “वर्गात. आता. बायका बसणार.”

“काय?”

“बायका. आत. बसणार.”

तिने सुरी खाली ठेवली. त्यांच्या ओठांकडे नीट बघितलं. कपाळाला आठी घातली. यंत्राची चकती फिरवून आवाज वाढवला; ते शिट्टीसारखं वाजलं, म्हणून पुन्हा कमी केला.

त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं. एवढं लांब वाक्य ते घरी फार दिवसांनी बोलत होते. वर्गात ते सुरळीत निघालं असतं. इथे शेवटचं अक्षर नुसतं वाऱ्यावर गेलं.

“कळलं, कळलं,” ती म्हणाली. “भूक लागली. अहो, दहा मिनिटं थांबा ना, होतंच आहे.” आणि तिने दुसरी शेगडी पेटवली.

त्यांनी मान हलवली. मग खुर्चीवर बसून राहिले. खरंच थोड्या वेळाने जेवण झालं.

उद्याच्या ऑपरेशनच्या यादीत लिलाववाला पहिला आहे. जखम भरून तो वर्गात बसायला बरेच आठवडे जातील. वर्ग नेहमीप्रमाणे नऊला भरेल. ट्रकचालक ‘टोपी’पर्यंत आलेला आहे, टपालवाला ‘काका’ म्हणतो, रंगारी अजून ‘प’वरच आहे. तिघांनाही आज निरोप गेला आहे की उद्या कोणाला बरोबर आणायचं असेल तर आणा. रंगाऱ्याने कळवलंय की त्याच्या घरी आणण्यासारखं कोणी नाही. तो एकटाच येईल.